खोली, माळा आणि फडताळ

रे रोड हे नाव आपण आगगाडीच्या पाटीवर वाचतो, आणि बहुतेकांची त्या नावाशी ओळख तेवढीच असते. लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाचा हा रस्ता. हार्बर शाखेची गाडी १९१० च्या डिसेंबरात कुर्ल्याहून प्रथम सुटली ती येथपर्यंतच. पुढे बोरीबंदरापर्यंतची जोडणी झाली आणि १९२५ साली त्या मार्गावर विजेची गाडी आली. स्टेशनाच्या पूर्वेस बंदर विश्वस्तांची जमीन, पश्चिमेस घोडपदेव आणि माझगाव. मला आज बोलावयाचे आहे ते या टापूतल्या व त्याच्या शेजारच्या कामगार वस्तीतल्या घरांविषयी. त्यातही भिंती आणि छपरे यांपेक्षा घरातले सामान कोठे ठेवीत याविषयी. विषय घरगुती वाटेल. परंतु या जुन्या घरांची दुरुस्ती निघते तेव्हा पहिला घाव पडतो तो माळ्यावर आणि फडताळावर. ते कोणी घातले, कशासाठी घातले, आणि त्यांपायी कोणाकोणाचे भांडण झाले हे ठाऊक असल्याखेरीज हातोडा उचलू नये, असे माझे मत आहे.

प्रथम या बाजूची नावेच पाहा. लकडी बंदर, कोळसा बंदर, वीट बंदर, गवताचे हे बंदर, आणि बारुदीवरून पडलेले दारूखाना हे नाव. प्रत्येक मालाला किनाऱ्यावर आपापली जागा होती आणि त्या जागेला मालाचे नाव होते. १९०८ ते १९१२ या वर्षांत बंदर विश्वस्तांनी माझगाव ते शिवडी समुद्रात भराव घालून सुमारे ५८३ एकर जमीन काढली, ती मुख्यतः मालासाठीच. कुलाब्याचा कापूस पुढे इकडे आला. त्याच्यासाठी सिमेंट-काँक्रीटची, आगीपासून जपणारी गोदामे उठली. कापसाच्या गाठीला कोरडी जमीन हवी, हवा खेळती हवी, दोन रांगांत अंतर हवे, याचा विचार इंजिनियरांनी बारकाईने केला होता. त्या गाठी पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या ट्रंकेला जागा किती हवी, याचा विचार मात्र त्याने स्वतःच करावयाचा होता.

तो माणूस आला कोठून? रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून, गोव्याहूनही. त्याच्या मुलखातले घर कितीही गरिबीचे असो, सामान ठेवण्याच्या बाबतीत ते दरिद्री नव्हते. कोकणातल्या घराला माळा असे. त्यावर सुकी लाकडे, नारळ, आगोटीची बेगमी राही. घाटावरच्या घरात भिंतीच्या पोटात बळद असे आणि त्यात वर्षाचे धान्य मावे. जाड भिंतीत कोनाडे, दाराशेजारी फडताळ, आढ्याला टांगलेले शिंके, कोपऱ्यात उतरंड. उतरंड ही चीज तर मला फार शहाणपणाची वाटते. एकावर एक मडकी रचली की हातभर जमिनीत दहा वस्तू राहतात आणि घरच्या बाईला कोणत्या मडक्यात काय आहे हे अंधारातही कळते. हे सर्व ज्ञान घेऊन माणूस मुंबईच्या धक्क्यावर उतरला आणि दहा फूट बाय बारा फूट खोलीत चार सपाट भिंतींसमोर उभा राहिला.

एकट्या पुरुषांचे तर याहून थोडक्यात आटोपे. खाणावळीत राहणाऱ्याच्या वाट्याला भिंतीवरची एक खुंटी, खाली एक ट्रंक आणि रात्रपाळी-दिवसपाळीच्या हिशेबाने अंथरुणाची जागा. गोवेकर खलाशांनी मुंबईत आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ चालविले. माझगाव आणि धोबीतलाव येथे ते पुष्कळ होते. तेथे भिंतीलगत सभासदांच्या ट्रंका ओळीने मांडलेल्या असत. खलाशी सहा-आठ महिने जहाजावर असे, त्याची ट्रंक मात्र कूडात राही. परत आला की तीच ट्रंक त्याचे बाक, तेच जेवणाचे मेज. माणूस समुद्रावर आणि बिऱ्हाड पेटीत, अशी ही व्यवस्था होती.

आता प्लेगाकडे वळू. कारण सामान आणि घर यांच्या इतिहासातला मोठा कलह तेथे सुरू होतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगाचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा मोहल्ला. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू यांचा या रोगाशी संबंध आहे हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले, आणि ते निर्विवाद ठरावयास पुढची काही वर्षे जावी लागली. तोवर सरकारचा राग अंधारावर आणि दमटपणावर होता. पथके घरात शिरत, भिंतींना चुना फासत, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवीत, अंथरुणे आणि कपडे जाळीत. जी जागा माणसाने राहण्यास अयोग्य ठरे, तिच्या दारावर तीन इंग्रजी अक्षरांचा शिक्का पडे. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या लेखी घरातली साठवण म्हणजे जाळण्यास योग्य ठरलेली वस्तू होती. हा अपमान लोक पुष्कळ दिवस विसरले नाहीत. तरीही, श्रोतेहो, न्याय करावयाचा तर हेही म्हणावे लागते की खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोत्यांनी धान्य ठेवले की उंदीर येणारच, आणि उंदीर आला की काय येते हे पुढे शास्त्रानेही सिद्ध केले. चूक दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. पण भीती दोन्ही बाजूंची खरी होती.

या भीतीतून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. ट्रस्टाच्या चाळी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ट्रस्टाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड व वारा याच विषयावर व्याख्यान दिले होते. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात रेघ ओढली, तर समोरची इमारत त्या रेघेच्या आड येता कामा नये. शाळेतली भूमिती आठवत असेल त्यांना कळेल की, याचा साधा अर्थ असा : समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे. किती सोपा आणि किती उपकारक नियम! शहरातल्या लक्षावधी माणसांनी जो श्वास घेतला त्यात या रेघेचा वाटा आहे. पण हवेचा इतका काटेकोर हिशेब करणाऱ्या या मंडळींनी सामानाचा हिशेब मांडलेला मला दिसत नाही. उजेड आत येऊन जेथे पडावयाचा तेथे राहणाऱ्याचे पाण्याचे पिंप, कोळशाचे पोते, वळकट्या आणि पाहुण्यांची ट्रंक असणार, हे त्यांच्या नकाशात नव्हते. नकाशातली खोली रिकामी असते.

ती रिकामी खोली भरण्याचे काम राहणाऱ्यांनी केले, आणि त्यातून पोटमाळा निपजला. जुन्या चाळीतली खोली दहा-अकरा फूट उंच असे. जमिनीपासून साडेसहा फुटांवर दोन भिंतींत वासे अडकवावयाचे, वर फळ्या टाकावयाच्या, एका बाजूस शिडी, झाला माळा. खोली दहा बाय बाराची असेल आणि माळा निम्म्या भागावर घातला असेल, तर साठ चौरस फूट जागा वाढली. वर चार फुटांची उंची उरते. माणूस उभा राहत नाही, पण मांडी घालून बसतो आणि निजतो. परीक्षेचा मुलगा तेथे कंदील घेऊन बसे, नवीन लग्न झालेल्या जोडप्याला तेथेच जागा मिळे, आणि गणपतीचे मखर वर्षभर तेथेच गुंडाळून ठेवलेले असे. माळ्याखाली मोरी आणि चूल. भिंतीला फळी, फळीवर पितळी डब्यांची रांग. कपड्यांना दोरीची वलणी. गॅलरीत कठड्याला बांधलेली पेटी. म्हणजे कोकणातला माळा, घाटावरचे फडताळ आणि उतरंड या तिन्ही गोष्टी एका खोलीत उभ्या रचल्या गेल्या. गावाकडच्या घराचे क्षेत्र येथे आडवे मिळेना, म्हणून लोकांनी ते उभे केले. या कामाला लागणारे लाकूड दूरचे नव्हते. रे रोडला लाकडाच्या वखारी. दारूखान्यात अनेक वर्षे जुनी जहाजे मोडीत निघत, आणि मोडीतली दारे, कपाटे, फळ्या बाजारात विकावयास येत. जहाजावरच्या खोलीत इंच न् इंच कामास लावलेला असतो. तो माल चाळीच्या खोलीत चपखल बसावा यात नवल नाही.

सामानाच्या गरजेपुढे खोली कशी वाकते याचे एक थोर उदाहरण परळचे आहे. परळच्या ट्रस्टाच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ च्या सुमारापासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. दोन खोल्या, एकीत कुटुंब आणि दुसरीत अभ्यास, पुस्तके. दादरच्या हिंदु कॉलनीत १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी ‘राजगृह’ बांधले, तेव्हा कुटुंब खाली आणि ग्रंथालय वर, अशी योजना स्वतः जातीने केली. ज्याने पुस्तके कोठे ठेवावी या विवंचनेत वीस वर्षे काढली, त्याने काढलेला हा घराचा आराखडा होता. ट्रस्टाच्या कचेरीतून असा आराखडा निघाला नसता.

सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्याच्या चाळींविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्या आपल्या परिचयाच्या आहेत. वरळीस १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि रे रोडच्या पुढच्याच शिवडीत १२, अशा एकंदर २०७. प्रत्येकीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. सुरुवातीस भाडे परवडेना म्हणून पुष्कळ खोल्या ओस पडल्या. वरळीच्या काही चाळी तर कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग म्हणून वापरल्या. तुरुंगासाठी वेगळे फेरफार फारसे करावे लागले नसावेत!

चाळ भरली, माळे झाले, आणि मग कायदा आला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या पातळीस बांधली. भाडेकरूचा जीव भांड्यात पडला, आणि मालकाने दुरुस्तीचा हात आखडता घेतला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी लपवू नये. आपल्या विषयाला लागू पडणारे कलम मात्र वेगळे आहे. मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने जागेत कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर ती जागा खाली करून मागण्याचे कारण मालकाला मिळे. मग कायम स्वरूपाचे बांधकाम कशाला म्हणावयाचे? न्यायालयांपुढे हा प्रश्न वारंवार आला. वस्तू भिंतीत रोवली आहे की टेकविली आहे, मोडतोड न करता काढता येते की नाही, घालणाऱ्याचा हेतू काय होता, असा काथ्याकूट चाले. १९९९ च्या नव्या कायद्यात स्पष्टीकरण आहे : महापालिकेची परवानगी लागेल तेथे ती घेऊन केलेले लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळी, वाऱ्यासाठी पाडलेली खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुरांडे ही कायम बांधकामे नव्हेत. यादी चांगली लांबलचक आहे. पोटमाळ्याचे नाव त्यात नाही. ज्या एका वस्तूने मुंबईच्या खोलीत माणसे माववली, तिचा उल्लेख करावयास कायदेकर्त्यांना सुचले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. म्हणून माळा नव्याने घालू वा बदलू इच्छिणाऱ्या भाडेकरूने लेखी संमती आधी घ्यावी, हा सल्ला आजही कामाचा आहे.

दुरुस्तीच्या पैशाचा प्रश्न १९६९ च्या इमारत दुरुस्ती मंडळाने हाती घेतला. त्या वेळी शहर भागातल्या १९,६४२ इमारती उपकरपात्र ठरल्या. त्यांतल्या सोळा हजारांहून अधिक १९४० पूर्वीच्या होत्या. तेव्हापासून टेकू आणि लोखंडी गर्डर ही चाळीची नवी अंगे झाली. गर्डर घालून इमारत वाचते, हे मोठेच काम. पण खोलीत तो आला की माळ्याची उंची बदलते आणि जुनी फळी बसत नाही. मग घरातली माणसे पुन्हा सुतार शोधू लागतात.

आता दुरुस्ती कशी करावी, याविषयी इतिहासातून जे दिसते ते सांगतो. या लाकडी सांगाड्याच्या घरांत भार खांब आणि तुळया उचलतात. मधली वीट पुष्कळ ठिकाणी नुसती भरतीची असते. म्हणून पातळ भिंत पाडण्यापूर्वी जपावे तितके तुळईला जपावे. लोक उलट करतात. भिंतीला कोनाडा पाडावयास घाबरतात आणि कपाट सरकावे म्हणून तुळईला खाच घेतात. तुळई बहुधा मधोमध मोडत नाही, ती भिंतीत शिरते त्या टोकाशी कुजते. आणि कुजते ती मोरीच्या पाण्याने. मोरी गळते, म्हणून वर कोब्याचा आणखी एक थर चढतो, त्यावर फरशी येते. शंभर चौरस फुटांवर एक इंच कोबा म्हणजे सुमारे अर्धा टन ओझे. असे तीन थर मी काही मजल्यांवर पाहिले आहेत. जागा वाढविण्यासाठी माळ्याला नावे ठेवणारे कोणी या ओझ्याकडे पाहत नाही! जुने थर उतरवून मोरी नीट जलरोधक केली, तर त्याच तुळईवर हलक्या सामानाचा माळा पुष्कळ वर्षे निर्धास्त राहू शकतो; अर्थात इंजिनियराने लाकूड टोचून पाहिल्यावर. माळ्यावर मात्र वळकट्या, कपडे, मखर अशा सुक्या वस्तूच ठेवाव्या. पाण्याचे मोठे पिंप दोनशे किलोचे होते. त्याची जागा खाली, खांबाजवळ.

आणि ऑरसाहेबांची रेघ विसरू नये. माळा पूर्ण खोलीवर घातला की दारावरची जाळी आणि समोरचा झरोका यांची वाट बंद होते, वरची गरम हवा कोंडते, खाली दिवसा दिवा लागतो. जुन्या शहाण्या बिऱ्हाडांनी माळा मोरीच्या बाजूला निम्म्यावर थांबविला आणि खिडकीची बाजू मोकळी ठेवली. प्लेगाने जे शिकविले आणि गावाकडच्या घराने जे शिकविले, त्या दोहोंचा मेळ त्या अर्ध्या माळ्यात झालेला आहे. दुरुस्ती करणाऱ्याने तो मोडून त्या जागी छतापर्यंत बंद कपाटे उभी केली, तर खोली चकचकीत दिसेल. पण भिंतीच्या आणि कपाटाच्या मधल्या फटीत ओल आणि वाळवी आपला संसार थाटतील.

रे रोडपासून फार दूर नसलेली माझगावची म्हातारपाखाडी या बाबतीत अवश्य पाहावी. ईस्ट इंडियन लोकांची ही जुनी वाडी. काका बॅप्टिस्टा, म्हणजे टिळकांचे सहकारी व १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ बॅप्टिस्टा, येथेच १८६४ साली जन्मले. येथली कौलारू, एकमजली माडीची घरे रांगेने उभी आहेत. लाकडी सज्जे आणि पुष्कळ घरांचा जिना बाहेरून. बाहेरच्या जिन्याचे कौतुक प्रवासी छायाचित्रे घेऊन करतात. त्याची खरी करामत अशी की जिन्याने खाणारी जागा खोलीला परत मिळते, जिन्याखाली अडगळीची सोय होते, आणि माडी वेगळी भाड्याने देता येते. ज्यांनी दुरुस्ती करताना तो जिना आत घेतला, त्यांनी एका खोलीची निम्मी जमीन गमावली. मालकी स्वतःची असल्याने येथे दुरुस्ती मनाजोगी होऊ शकते, ही चाळकऱ्याच्या नशिबी नसलेली गोष्ट. पण जागांचे भाव पाहता मोहही तितकाच मोठा आहे.

डेव्हलपमेंट खात्याच्या चाळींची पुनर्रचना २०१७ साली वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे सुरू झाली. २०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतंत्र संडास, स्वतंत्र स्वयंपाकघर. मजल्यावरच्या सामायिक संडासापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या कोणा बाईपुढे मी जुन्या चाळीचे गोडवे गाणार नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की नवी घरे चौरस फुटांनी मोजली जातात. त्यांची उंची नऊ-साडेनऊ फूट, म्हणजे माणूस बसेल असा माळा त्यांत बसत नाही. वर्षाचे तांदूळ, गणपतीचे मखर आणि गावाहून आलेला भाऊ यांची सोय आता जमिनीवरच करावी लागेल, आणि तिचा विचार आराखडा कागदावर असतानाच झाला पाहिजे.

शिवडीच्या बारा चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने त्या तीन ठिकाणांबरोबर त्यांचे काम सुरू झाले नाही. तेथील खोल्या अजून जशाच्या तशा मोजता येतील : कोणत्या खोलीत माळा किती उंचीवर, किती वाशांवर, शिडी कोणत्या बाजूस, फडताळ कोणी आणि कधी घातले. वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी एक उन्हाळा दिला, आणि घरच्या बायांनी त्यांना आत घेऊन कोणती वस्तू कोठे राहते ते दाखविले, तर हे काम होण्यासारखे आहे.